लेब्दाचे शुक्रवार

हिल्सबरो, ऑकलंड
१६ ऑगस्ट २०१७

प्रिय देवदत्त,

अक्षरावरून तू मला ओळखलं असतंस, पण आता नजर गेल्यामुळे तुला वाचता येत नाही असं तुझ्या लेकीकडून, संपदाकडून, कळलं. म्हणून आधी नाव सांगतो. मी जनार्दन. जनार्दन सबनीस, लिबियातल्या खुम्सच्या कॅम्पमधला, तुझ्या शेजारच्या खाटेवरचा. सांगलीला तुझ्या घरी आलो होतो त्याला बत्तीस वर्षं झाली. त्यानंतर मी तुला एक ओळही पाठवली नाही. पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते, पण ती विचारायचा मला काय अधिकार, असं वाटून तीन कागद फाडले. हा चौथा. यात पुष्कळसं तुला ठाऊक असलेलंच लिहिणार आहे, अगदी पहिल्यापासून, क्रमाने. कंटाळू नकोस. तसं लिहायला कारण आहे.

सुमती गेली, २०१४ च्या डिसेंबरात. पुण्यात एकटा काय करणार म्हणून मुलगा, शार्दूल, मला इथे घेऊन आला. त्याचं घर उतारावर आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मनुकाऊची खाडी दिसते. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पलीकडच्या काठापर्यंत नुसता करडा चिखल उरतो. सध्या इथे कडाक्याची थंडी आहे. सकाळी नातीला, जुईला, शाळेत सोडायचं, येताना कोपऱ्यावरच्या डेअरीतून ब्रेड आणायचा, एवढंच माझं काम. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी तिथे फक्त दूधच मागत असे. जुई नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीतून येतं. तिच्यामुळेच हे सगळं पुन्हा माझ्यासमोर आलं.

पाडव्यानंतरच्या शनिवारी माउंट रॉस्किलच्या एका हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. एका भिंतीवर लोकांनी आपापल्या घरच्यांच्या हातची कला मांडली होती. कुणाच्या आजीचं भरतकाम, कुणाच्या मामाने काढलेले फोटो. जुई माझा हात ओढत पुढे चालली होती. एका चौकटीपाशी ती थांबली आणि म्हणाली, “आजोबा, दॅट मॅन सिट्स लाइक यू!” मी चष्मा सारखा करून पाहिलं. पेन्सिलचं चित्र होतं. चारी बाजूंनी उघडी दगडी कमान, वर मोडलेली, मागे समुद्राची रेघ. आणि कमानीच्या पायाशी, एक पाय मुडपून दुसरा लांब सोडून बसलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला मी. शेजारच्या चौकटीत थिएटर, त्यातही वरच्या पायरीवर मी. तिसऱ्यात बाजाराच्या गोल चौथऱ्याला टेकलेला मीच. देवदत्त, मी भिंतीचा आधार घेतला. जुईने कुठूनतरी खुर्ची आणली.

खुर्चीमागोमाग एक मुलगी पाणी घेऊन आली. तुझं कपाळ आणि तुझ्या भुवया. ती म्हणाली, “काका, बरं वाटतंय ना? ही माझ्या बाबांची चित्रं आहेत. ते लिबियात होते, तेव्हाची. म्हणजे तेव्हाची वह्या-चित्रं तिकडेच गेली, ही सगळी त्यांनी नंतर सांगलीला बसून आठवणीने काढली.” मी विचारलं, यातला माणूस कोण? “माहीत नाही. बाबा म्हणतात, इमारत केवढी आहे ते कळायला शेजारी माणूस लागतो.” मी तिला माझं नाव सांगितलं. ते तिने कधी ऐकलंच नव्हतं. तुझ्या घरात माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, हेच मला जास्त लागलं.

आता पहिल्यापासून. १९८० साली आपण दोघं एकाच विमानाने त्रिपोलीला उतरलो. खुम्सला कंपनी सरकारी वसाहत बांधत होती. मी साइटवर, तू ड्रॉइंग ऑफिसात. शुक्रवारी सुट्टी. बाकीचे कपडे धूत, पत्ते कुटत, आणि तू मला झोपेतून हलवून तीन किलोमीटर चालवत त्या पडक्या शहरात नेत असस. पुस्तकातलं त्याचं नाव लेप्टिस मॅग्ना, गावातले लोक लेब्दा म्हणत. तिकीटघरातला म्हातारा आपल्याला पाहून नुसता हात हलवायचा. आत गेलं की मैलभर पसरलेले खांब, पडलेले, उभे, अर्धे वाळूत. मला पहिल्या दिवशी तो सगळा ढिगारा वाटला होता. तू मला ते शहर दाखवलंस. ही गल्ली, इथे दुकानं, इथे स्नानगृह, इथून पाणी यायचं. बाजारात लांबीची मापं कोरलेला दगड होता, त्यावर तू आपली स्टीलची टेप ठेवलीस आणि हसत म्हणालास, “जना, दोन हजार वर्षांपूर्वीही लोक मापात खोट करत असणार, म्हणून तर दगडात कोरावं लागलं.” मोठ्या चौकात सापांचे केस असलेल्या बाईचे मुखवटे रांगेने होते. तू एकेका मुखवट्यापुढे तासभर बसायचास. प्रत्येकीचा चेहरा निराळा आहे, म्हणायचास; ज्या कारागिराने जी घडवली त्याच्या घरातली ती बाई असणार.

आणि ते बंदर. जिथे जहाजं लागत तिथे गवत वाढलेलं, दोर बांधायचे दगड कोरड्या जमिनीवर. एवढं मोठं शहर कशाने गेलं, असं मी विचारलं होतं. शत्रू आले, भूकंप झाले, हे तू सांगितलंसच, पण त्याआधी गाळ, म्हणालास. नदीचा गाळ बंदरात साचत राहिला आणि तो काढायला कुणी हात लावला नाही.

१९८१ च्या नोव्हेंबरात पाऊस झाला. ओढ्याला पाणी आलं, काठाची माती ढासळली, आणि पुढच्या शुक्रवारी तिथून जाताना माझ्या बुटाला काहीतरी लागलं. मातीची दिवली. मुठीत मावेल एवढी, पुढे वात ठेवायची चोच, वर बारीक वेलबुट्टी, आणि चोचीशी अजून काजळी. कोरसुद्धा उडालेली नव्हती. तू ती दोन्ही हातांत घेतलीस, सगळीकडून पाहिलीस, आणि मला परत देत म्हणालास, “होती तिथे ठेव. तिकीटघरातल्या म्हाताऱ्याला सांगू, तो म्युझियमला कळवेल.” मी हो म्हणालो. वाकलो, काठावरच्या दगडामागे ती ठेवली, तुझ्यादेखत. त्या दिवशी तिकीटघरात म्हातारा नव्हता. पुढच्या आठवड्यात सांगू, म्हणालास.

सोमवारी साइटची जीप घेऊन मी एकटा परत गेलो आणि ती उचलून आणली. मला ती विकायची नव्हती, एवढं तरी खरं आहे. सुमती पुण्यात होती, सातवा महिना चालू होता, तिची तब्येत बरी नव्हती आणि मी दोन हजार कोसांवर. तिला काहीतरी असं पाठवावं की जे दुसऱ्या कुणाचा नवरा पाठवणार नाही, एवढंच डोक्यात होतं. मी खजुराचा पत्र्याचा डबा घेतला, अर्धा रिकामा केला, दिवली कापडात गुंडाळून मध्ये ठेवली, वर खजूर दाबून भरले, झाकणाला चिकटपट्टी लावली. गुरुवारी तू रजेवर निघालास. मी डबा तुझ्या हातात दिला आणि म्हणालो, “खजूर आहेत. पुण्याला उतरलास की सुमतीला दे.” तू विचारलंसही नाहीस. वर म्हणालास, “वहिनींना आणखी काही निरोप?”

त्रिपोलीच्या विमानतळावर काय झालं ते मी पाहिलं नाही, पण छत्तीस वर्षं रोज पाहतो आहे. अधिकारी झाकण उघडतो, खजुरात बोटं घालतो, कापड बाहेर काढतो. तू ती दिवली ओळखतोस. ते विचारतात, हे कुणाचं? आणि तू म्हणतोस, माझं. पहिल्या क्षणी तसं का म्हणालास ते मी समजू शकतो. तोंडून निघून गेलं असेल. पण त्यानंतर चार महिने कोठडीत होतास, पुन्हा पुन्हा विचारलं गेलं असेल, आणि दर वेळी तू तेच सांगितलंस. सुमतीची अवस्था तुला माहीत होती, त्यामुळे असेल. मला आजही नक्की कळलेलं नाही. तुला विचारायचं धैर्यही झालं नाही.

बातमी कॅम्पवर आली तेव्हा मॅनेजरने मला बोलावलं. टेबलावर तुझ्या चित्रांच्या वह्या पडल्या होत्या, पोलिसांना द्यायला काढलेल्या. ते म्हणाले, “सबनीस, तू त्याचा जवळचा. तो डबा कुठून आला, काही कल्पना?” खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी ओरडून विचारलं नाही, दरडावलं नाही. खरं सांगितलं असतं तर कंपनीने मला पुढे करून तुला सोडवलं असतं, निदान प्रयत्न केला असता. मी म्हणालो, “नाही साहेब.” त्यांनी मान हलवली आणि मी परत कामावर गेलो. त्या दुपारी एका घराच्या स्लॅबचं काँक्रीट ओतायचं होतं. ते मी नीट करून घेतलं.

जानेवारीत शार्दूल झाला. मार्चमध्ये तुला सोडलं आणि थेट मुंबईच्या विमानात बसवलं. नोकरी गेलीच, सांगलीच्या पेपरात नावानिशी बातमी आली. मी चौऱ्याऐंशीपर्यंत तिथेच राहिलो. लेब्दाला पुन्हा एकदाही गेलो नाही. शुक्रवारी कपडे धूत बसायचो.

पंच्याऐंशीला तुझ्या घरी आलो तो सांगून टाकायचंच असं ठरवून. तू दारात एका दुकानाची पाटी रंगवत होतास. मला पाहून ब्रश खाली ठेवलास, हात पुसलास आणि विचारलंस, “लेब्दाच्या कमानीची दुरुस्ती पुढे सरकली का रे? उरलेले दगड चढवले का त्यांनी?” दुसरं काहीच नाही. आत तुझ्या आईने चहा केला. कप माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, “तुझ्यासारखा मित्र बरोबर असताना याला अशी बुद्धी कशी झाली? तू तरी समजावायचंस त्याला.” तू भिंतीला टेकून बसला होतास. मी तुझ्याकडे पाहिलं, तू खिडकीकडे पाहिलंस. सांगायची वेळ तीच होती. त्या माऊलीला तेवढं ऐकून मरता आलं असतं. मी तो चहा प्यायलो, देवदत्त. पिऊन झाल्यावर बस चुकेल म्हणून उठलो.

आता संपदाचं. त्या कार्यक्रमानंतर ती मला फोन करू लागली. हेन्डरसनला एका मैत्रिणीबरोबर राहते, तिथल्याच काउन्सिलच्या ऑफिसात नकाशांचं काम करते, ते तुला ठाऊक आहेच. तुझ्या त्या दिवसांतला माणूस तिला आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. रविवारी ती येई, जुईला चित्रं काढायला शिकवी, आणि मला लेब्दाबद्दल विचारी. गेल्या वर्षी ते शहर धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेलं, गावातलेच लोक आळीपाळीने पहारा देतात, हे मला तिच्याकडून कळलं. मग हळूहळू घरचं निघालं. कोणत्याही शाळेने तुला ड्रॉइंग मास्तर म्हणून घेतलं नाही. कुणीतरी ते जुनं कात्रण आधीच पोचवलेलं असायचं. स्नेहलता वहिनींना लग्नानंतर दोन वर्षांनी शेजारणीकडून समजलं आणि तुम्ही दोघं त्यानंतर कामापुरतंच बोलता. शुभमला शाळेत पोरं चोराचा मुलगा म्हणायची. तो आता कमावता झाला, पण तुझ्याशी बोलत नाही. तिचं स्वतःचं ठरलेलं लग्न मोडलं. आणि तुला कुणी काही विचारलं की एवढंच म्हणतोस, झालं ते झालं. जूनमधल्या एका रविवारी तिने मला सरळ विचारलं, “काका, बाबांनी खरंच घेतला होता का तो दिवा? तुम्ही तिथे होतात.”

मी म्हणालो, मला माहीत नाही.

तिसऱ्यांदा. मॅनेजरपुढे एकदा, तुझ्या आईपुढे एकदा, आणि आता तुझ्या मुलीपुढे, सदुसष्टाव्या वर्षी, कसलंही भय नसताना. ती “बरं” म्हणाली आणि जुईची वही तपासू लागली. पुढचे सहा आठवडे तिचा फोन आला की मी शार्दूलला सांगे, झोपलोय म्हण.

शेवटी आधी शार्दूललाच सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “म्हणजे माझं शिक्षण त्या नोकरीवर झालं ना, बाबा?” मी हो म्हणालो. “आईला माहीत होतं?” नव्हतं. सुमती मला फार सज्जन समजून गेली. शार्दूल उठला आणि म्हणाला, “हेन्डरसनला सोडू का तुम्हाला?” मी म्हटलं, नको, बसने जातो.

गेल्या शनिवारी गेलो. दोन बस बदलून. संपदा पोहे करत होती. बसा म्हणाली, मी उभ्यानेच बोललो, कारण बसलो असतो तर पोहे खाऊन परत आलो असतो. दिवली, सोमवारची जीप, डबा, मॅनेजर, चहा, सगळं. तिने मध्ये हात लांबवून गॅस बंद केला, तेवढीच हालचाल. माझं संपल्यावर मी माफी मागायला लागलो तर म्हणाली, “थांबा काका. माझी नका मागू. मला सांगून तुम्ही मोकळे झालात, बाकी काहीच झालं नाही.” आणि मग रडली, आवाज न करता, ओट्याला धरून. “छत्तीस वर्षं ते चित्रात तुम्हाला काढत राहिले,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

ती शुक्रवारी सांगलीला यायला निघते आहे. मी म्हणालो, मीही येतो, सगळ्यांसमोर सांगतो. तिने डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाली, “नको. बाबांना तुम्हाला बघता येणार नाही, आणि आईला बघवणार नाही. लिहून द्या. सही करून. मी वाचून दाखवीन, आईला आणि शुभमला समोर बसवून.” म्हणून हे पत्र, देवदत्त. म्हणून तुला ठाऊक असलेलं सगळं इतकं फोडून लिहिलं. आता पुढच्या चार ओळी तुझ्यासाठी नाहीत, तुझ्या शेजारी बसलेल्यांसाठी आहेत. स्नेहलता वहिनी, शुभम, मी जनार्दन सबनीस लिहून देतो की ती दिवली मी उचलली, देवदत्तने ठेवून दे म्हटल्यावर चोरून परत जाऊन उचलली. ती डब्यात मी भरली आणि खजूर आहेत असं खोटं सांगून त्याच्या हाती दिली. आत काय आहे हे त्याला विमानतळावर झाकण उघडेपर्यंत माहीत नव्हतं. त्याने माझं नाव घेतलं नाही आणि मीही पुढे होऊन ते सांगितलं नाही. हे कुणालाही दाखवा, पेपरात द्यायचं तरी द्या. संपदा, हा परिच्छेद पुन्हा एकदा वाच, बाळ. सावकाश, आणि दार उघडं ठेवून.

तुझाच,
(हा शब्द ठेवायचा की खोडायचा ते तू ठरव)

जनार्दन